घडाला डाग नको

भवानी पेठ, सोलापूर
९ फेब्रुवारी

चि. अभिमन्यू,

'अनेक आशीर्वाद' लिहायला घेतलं होतं, पण हात थांबला. आशीर्वाद पुढच्या पत्रात, जमलं तर.

मी फोन उचलत नाही म्हणून तू तुझ्या दाजींना फोन केलास, शेजारच्या नूरबीला केलास आणि आमच्या कारखान्याच्या मालकालाही केलास. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या सगळ्या बायकांसमोर त्यांनी मला हाक मारून विचारलं, "विजयमाला, तुमच्या भावाला झालंय तरी काय?" काय सांगणार होते मी? फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. "अक्का, तू मधी पडू नको," असं ओरडतोस आणि ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. यात तुला मध्ये बोलता येणार नाही. फाडशील म्हणावं तर तेही जमायचं नाही, कारण पोस्टमन आला की आई विचारणारच, कुणाचं आलं, वाच म्हणून.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पायल माझ्याकडे आलेली नाही. तुझी बायको कुठे आहे हे मला विचारतोस, याची तुला लाज कशी वाटत नाही तेच मला कळत नाही.

मोटर जळाली, डोकं फिरलं, हात उचलला गेला, असं तू दाजींना सांगितलंस. अरे, उन्हाळा तोंडावर आला की धरणाचं पाणी मागे हटतं, मोटर पाण्यामागे सरकवावी लागते, केबल वाढवावी लागते, हे बापाच्या काळापासून चाललंय. मोटर जळाली की माणूस ती गाडीवर टाकतो आणि वाइंडिंगवाल्याकडे नेतो. त्यात पोटुशी बायको कुठून आली?

असो. एक काम कर. पायलची दवाखान्याची फाईल कपाटात वरच्या फळीवर साड्यांच्या खाली आहे. ती फाईल, लोहाच्या गोळ्या आणि तिचे दोन ढगळ गाऊन पिशवीत घालून सिदू केळी घेऊन येईल त्याच्या टेम्पोबरोबर सोलापूरला पाठव. कुणासाठी हवंय, कशाला हवंय, हे विचारत बसू नकोस.

तुझी अक्का


१७ फेब्रुवारी

अभिमन्यू,

बरं. आहे माझ्याकडे.

सिदूने तिला आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना बघितलं म्हणे. त्याला केळी वाहायला ठेवलंय की लोकांच्या गॅलऱ्या बघायला? आणि बघितलंच होतं, तर ती फाईल तरी घेऊन यायचं.

पायल आधी जेऊरला बापाकडे गेली होती. ज्ञानबामामांनी चहा दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बस, जावयाला फोन लावतो, येतील न्यायला." ही पोरगी चहाचा कप तसाच ठेवून उठली, स्टेशनवर चालत गेली आणि सोलापूरच्या गाडीत बसली. माझ्या दारात आली तेव्हा हातात पिशवी होती आणि पिशवीत माझ्यासाठी आणलेली केळीची फणी. मार खाऊन घर सोडलं, तरी नणंदेकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. मला रडू आलं आणि तिचा रागही आला.

मला म्हणाली, मोरीत घसरले. नूरबी तेव्हा माझ्याकडेच बसली होती. ती तिच्या दंडाकडे बघत म्हणाली, "अगे बेटी, मोरी में गिरी बोलती, तो दंड पो उंगल्यां कायकू उठे?" पायलने पदर दंडावर ओढून घेतला. मग म्हणाली, "माझंच चुकलं, अक्का. ते आल्या आल्या मी पाणी द्यायला पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. फाईल नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला झापलं. ते तुझ्या खात्यावर. तपासून झाल्यावर त्यांनी मला बाहेर काढलं आणि पायलला सरळ विचारलं, घरी कुणी मारतं का? पायल नाही म्हणाली. बाहेर आली आणि जिन्यातच ओकली.

मला आत बोलावून त्या म्हणाल्या, बाळ वाढीत मागे आहे. हिचं रक्त कमी आहे आणि रक्तदाब वर आहे. झोपते का, जेवते का, असं विचारलं. मी म्हटलं, पोटाला तर कुठे लागलेलं दिसत नाही. तर म्हणाल्या, "पोटाला लागलं नाही म्हणजे बाळाला लागलं नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? आई दिवसरात्र धास्तीत असेल तर ते पोटातल्यालाही भोगावं लागतं. हिला औषधापेक्षा निर्धास्त घर हवंय." आता हे औषध कुठल्या दुकानात मिळतं ते तू मला सांग.

तुला वाटत असेल अक्का वाढवून सांगते. मग ऐक. खाली मोटारसायकल थांबली की ही हातातलं ताट खाली ठेवते. कुकरची शिट्टी झाली की दचकते. पंखा लावायचा तरी विचारते, "लावू का?" आणि दुपारी आडवी झाली की पोट भिंतीकडे करते, पाठ दाराकडे. मी म्हटलं, अगं, वारा दाराकडून येतो, इकडे तोंड करून झोप की. तर म्हणाली, "सवय हाय अक्का. लागलं तर पाठीला लागतंय."

वाचलंस ना? आता पुन्हा वाच.

अक्का


२६ फेब्रुवारी

अभिमन्यू,

हे पत्र आईसाठी आहे. तिला मोठ्याने वाचून दाखव, आणि तुला नको तिथे गाळू नकोस. आईला वाचता येत नसलं तरी तू कुठे अडखळतोस ते तिला बरोबर कळतं.

आई, तुझे फोन मिळाले. होळीच्या पौर्णिमेला ग्रहण आहे, वेध सकाळपासून लागतात, पायलला काही खाऊ देऊ नको, विळी-सुरीला हात लावू देऊ नको, हातपाय मुडपून बसू देऊ नको, हे सगळं मला पाठ झालंय. त्याआधी तू सांगितलंस की पपई नको, तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभं राहू नको, मयताच्या घरी पाठवू नको, विहिरीत डोकावू देऊ नको. त्याआधी निरोप आला, केस मोकळे सोडून गॅलरीत जाऊ देऊ नको. तिच्या पोटाची एवढी काळजी घेणारी सासू साऱ्या तालुक्यात सापडायची नाही.

पण मला एक सांग. ग्रहणात विळी धरली तर बाळाचा ओठ फाटतो म्हणतेस. आणि बाळाच्या आईला भिंतीवर आपटलं तर काय होतं? ते कुठल्या पंचांगात बघायचं? तो घरात तिला मारतो तेव्हा तू दर वेळी म्हशीकडे गेलेली असतेस. एवढ्या वेळा धार काढून ती म्हैस उभी तरी कशी राहते, मला नवल वाटतं.

आता अभिमन्यू, तुझ्यासाठी. गेल्या वर्षी मी आले तेव्हा तुझा माल परदेशात जायचा होता. घड काढायला मजूर आले तर तू एकेकाची नखं तपासत होतास. घड जमिनीला टेकू देत नव्हतास. प्रत्येक दोन फण्यांमध्ये स्वतःच्या हाताने फोम घालत होतास, आणि एका पोराचा धक्का लागला तर केवढा ओरडलास, "घडाला डाग नको! एक बोट काळं पडलं तर आख्खा घड जातो!" मला किती कौतुक वाटलं होतं तुझं. एवढ्या हळुवार हाताचा माणूस आपल्या घरात आहे म्हणून दाजींना येऊन सांगितलं. म्हणजे हात सांभाळता येतो तुला. डोकं फिरलं तरी सांभाळता येतो. केळीवर कधी फिरल्याचं ऐकलं नाही.

डोहाळजेवणाला तू मांडव सांगितलास, साऱ्या भावकीला बोलावलंस, गाणी वाजवायला माणूस ठरवलास, असं कळलं. आणि जिला जेवू घालायचं तिला विचारलंस का? ती येणार नाही.

अर्थात हे मी म्हणते. ती काय म्हणते ते विचारू नकोस. तुझा नंबर मी तिला मिळू दिलेला नव्हता, पण तिला तो पाठ आहे. काल नूरबीच्या फोनवरून तुझ्याशी बोलली आणि संध्याकाळभर हसऱ्या चेहऱ्याने फिरत होती. "आता न्हाईत मारणार ते, अक्का. बाळाची शपथ घेतली त्यांनी." मी कपाळावर हात मारून घेतला. शपथ घ्यायलाही तुला ते बाळच सापडलं.

अक्का


६ मार्च

अभिमन्यू,

गावात तू सांगत सुटलायस की अक्काने भांडण काढलं, मला हाकललं आणि आईला डांबून ठेवलं. आईला डांबून! बजाबाईला डांबणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून घडलं ते जसंच्या तसं लिहिते. भावकीत वाचून दाखवायचं असेल तर खुशाल दाखव.

ग्रहणाच्या दिवशी तू आईला पिकअपमध्ये घालून आलास. आई आली ती माझ्यावर भरवसा नाही म्हणून, स्वतः लक्ष ठेवायला. पाण्यात टाकायला तुळस आणली होती, दर्भ आणला होता. तिने पायलला घोंगडीवर पाय लांब करून बसवलं आणि स्वतः दारात, उंबऱ्यापाशी बसली. पायलच्या पोटात सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा नव्हतं. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा आईने गप्प केलं.

तू रडलास. छान रडलास. पायलच्या पायाला हात लावलास. दाजींनाही पाझर फुटला. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्यांना निम्मं ऐकू येत नाही, म्हणून बरं. पायल उठली आणि पिशवी भरू लागली. मी आत जाऊन भांडी आपटत बसले, कारण दुसरं काय करायचं मला सुचत नव्हतं.

मग तू म्हणालास, चल, लगेच निघू, संध्याकाळी कंटेनर लागायचाय. आणि आई म्हणाली, "ग्रहान सुटल्याबिगर पोटुशी उंबऱ्याभायेर जायाची न्हाय."

"आई, सरक. माल तोडून पडलाय तिकडं."

"पडंना का. न्हाय म्हंजे न्हाय."

तुझे डोळे पुसून अजून सुकलेही नव्हते, अभिमन्यू. तू पायलचा दंड धरलास, तोच, आणि आईला ओलांडून तिला ओढलंस. आई चौकटीवर आदळली. तू मागे बघितलंसुद्धा नाहीस. पायल "थांबा वो" म्हणाली आणि तू हात उगारलास.

पुढचं तुला दिसलं नसेल, कारण तू रागात होतास. आम्हाला दिसलं. हात खाली यायच्या आधीच पायल वळली. दोन्ही हातांनी पोट झाकलं, वाकली आणि पाठ तुझ्याकडे केली. तिने विचार केला नाही, ओरडली नाही. वाट चुकलेल्या माणसाने ओळखीच्या बोळात वळावं तशी वळली. आई खाली बसलेली होती, तिच्या डोळ्यांसमोर हे घडलं, आणि तिथे म्हैस नव्हती.

आई उठली. कपाळाला टेंगूळ आलं होतं. तिने तुझ्या छातीवर हात ठेवला आणि तुला जिन्यापर्यंत रेटत नेलं. "जा तू. तुझा माल बघ जा." तू मला काय काय बोललास ते मी इथे लिहीत नाही, कागद चांगला आहे. तू गेलास, आणि आईने दार लावून आतून कडी घातली.

आता यापुढचं तुला ठाऊक नाही. पायल पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मग तिने एकेक कपडा काढून परत माझ्या कपाटात ठेवला. शेवटचा गाऊन ठेवून पायल म्हणाली, "आत्या, मला भूक लागली."

आईने खिडकीकडे बघितलं. ग्रहण सुटायला अवकाश होता. ती स्वयंपाकघरात गेली, विळी ओढून घेतली आणि कांदा चिरायला बसली. मी म्हटलं, आई, अगं वेध आहेत. ती वर न बघता म्हणाली, "आसू दे. इतकी वर्सं मी आभाळाकडं बघत बसले. घरात बघितलं न्हाय." कांदा चिरला, पिठलं केलं, भाकरी थापली आणि पायलसमोर ताट ठेवलं. "खा गं. ग्रहान काय करायचं ते मला करंल."

पायल जेवली. घरात आल्यापासून पहिल्यांदा तिने मागून भाकरी घेतली.

तर आई इथेच आहे. तिला कुणी डांबलेलं नाही. रोज नूरबीच्या घरी जाऊन तिला गोधडी शिवायला शिकवते आणि तिच्याशी भांडते. तू तुझी भाकरी कोण थापणार ते बघ. म्हशीची धारही आता तुलाच काढायची आहे.

अक्का


२२ मार्च

अभिमन्यू,

पाडवा गेला. तुझा फोटो आला, मांडव मोडल्याचा, खाली लिहिलेलं 'अक्कामुळे'. बरं, माझ्यामुळे.

डोहाळजेवण झालं. माझ्या दोन खोल्यांत. पेठेतल्या बायका आल्या, कारखान्यातल्या आल्या. गणवेशाच्या उरलेल्या कापडाच्या पताका केल्या, त्यामुळे घर शाळेसारखं दिसत होतं. नूरबीने हिरव्या बांगड्या आणल्या आणि स्वतः भरल्या. दंडावरचा डाग आता पिवळा पडलाय, तिथे तिने हात जरा हलका केला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं आणि माहेर तर फोन लावायला बसलंय, म्हणून ओटी मी भरली. नणंदेने ओटी भरून माहेरपण करायचं, असं कुठे असतं का, हे कुणीतरी कुजबुजलं. आई म्हणाली, "आता आसतंय."

दुसरी गोष्ट तुला कळलीच असेल, पण माझ्याकडूनही कळावी. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी बाहेर जायला उठले तर पायलनेच माझा पदर धरला. म्हणाली, "व्हय. मारतात." एवढंच. मग तिला पुढचंही बोलता आलं. लग्नानंतर कधीपासून, कशाने, पोटात बाळ आहे हे कळल्यावर थांबलं नाही, उलट वाढलं, हेसुद्धा. मला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि आम्हाला महिला समुपदेशन केंद्रात पाठवलं. तिथून संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार गेली आहे. तक्रार पायलची आहे, सही पायलची आहे. मी फक्त रिक्षा बोलावली. माझ्या नावाने बोटं मोडू नकोस, पत्ता चुकेल.

तुला बोलावणं येईल. एकटा ये. गावातल्या चार मिशा बरोबर आणू नकोस.

तुला वाटतं अक्काला भाऊ नकोसा झाला. मला तुझा इतका राग येतो की शिवताना सुई मोडते. तू लहान असताना तुला कडेवर घेऊन मी धरणाच्या काठाने हिंडायची, आणि तुला पाण्याची भीती वाटली की माझा गळा आवळून धरायचास. तोच हात आहे हा. म्हणून तर राग जात नाही.

अक्का


१५ एप्रिल

अभिमन्यू,

पायल बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच झाली. रक्तदाब उतरेना, डॉक्टर म्हणाले आता थांबणं नको. पायल ठीक आहे. अशक्त आहे, पण ठीक आहे.

बाळ लहान आहे, फार लहान. माझ्या ओंजळीत मावेल एवढं. काचेच्या पेटीत ठेवलंय, नाकाला नळी होती ती काल काढली. डॉक्टर म्हणतात, वजन धरलं तर काळजी नाही. धरेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, बघू. गेले काही दिवस त्या 'बघू'वरच आम्ही सगळे जगतोय.

मुलगा की मुलगी, ते मी तुला सांगणार नाही. आईला फोन करून विचारू नकोस, तिलाही बजावलंय, आणि या खेपेला ती माझं ऐकते. तू आधी केंद्रात ये, समोर बस, पायलने लिहून दिलंय ते डोकं खाली घालून ऐक. गेल्या तारखेला आला नाहीस. माल तोडायचा होता म्हणे. पुढच्या तारखेलाही माल असेल, तर मग कधी कळायचं ते कळेल. तोपर्यंत तुझं बाळ आहे, एवढंच तुला पुरे.

आत जायला एका वेळी एकालाच सोडतात. दारात सिस्टर उभी असते. कोपरापर्यंत हात धुवायला लावते आणि प्रत्येकाची नखं तपासते. आईची नखं बघून तिला परत पाठवलं. म्हातारी व्हरांड्यात बसली, नूरबीकडून नखं काढून घेतली आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. आत जाऊन पेटीच्या भोकातून तिने एक बोट बाळाच्या पायाला लावलं, इतकं हळू की लागलं की नाही ते मलाही कळलं नाही. मला तू आठवलास, केळीच्या बागेतला. मग मला तिथे उभं राहवेना.

ती फाईल आता पाठवू नकोस. नवी काढली आहे.

काल दुपारी पायलला जरा डोळा लागला. मी डबा घेऊन गेले तर ती पाठ भिंतीला लावून, दाराकडे तोंड करून झोपली होती. मी डबा खाली ठेवताना भांडं वाजलं. ती दचकली नाही. आजही ती तशीच झोपली आहे, मी स्टूल ओढून तिच्या दारात बसले आहे आणि तिथूनच हे पत्र लिहिते आहे.

अक्का